ग्रामसभेचं जंगल आणि कार्बन क्रेडिट: भागीदारी कुणाशी, आणि कोणत्या क्रमाने

"आमचं हजार हेक्टर जंगल आहे, किती क्रेडिट मिळतील?"

गडचिरोली, चंद्रपूर, गोंदिया किंवा मेळघाटातल्या ग्रामसभांसोबत काम सुरू केलंत की पहिल्या महिन्याभरात हा प्रश्न समोर येतोच. शहरातून कुणीतरी येऊन गेलेलं असतं, मोबाईलवर व्हिडिओ दाखवलेला असतो आणि कराराचा एक मसुदा अध्यक्षांच्या घरी पडून असतो. प्रश्नाचं खरं उत्तर असं की जंगल नुसतं उभं आहे म्हणून एकही क्रेडिट मिळत नाही. तुमच्या कामामुळे त्यात जी भर पडली किंवा जो नाश टळला, तेवढ्याचंच मिळतं.

एक कार्बन क्रेडिट म्हणजे एक टन कार्बन डायऑक्साइड हवेत जाण्यापासून रोखला, किंवा हवेतून शोषून झाडांत आणि मातीत साठवला, याचं तपासलेलं प्रमाणपत्र. ते विकत घेणारी कंपनी आपल्या धुराचा हिशेब त्यातून चुकता करते. व्यवहार एवढाच आहे, पण त्यासाठी माणसं आणि संस्था बऱ्याच जोडाव्या लागतात आणि त्या कोणत्या क्रमाने जोडायच्या यावर पुढचं सगळं अवलंबून असतं. नवे कार्यकर्ते आणि ग्रामसभेतली शिकलेली मुलं यांच्यासाठी तो क्रम इथे मांडतो आहे. कंपनी त्यात बरीच शेवटी येते, आणि ते मुद्दाम आहे.

पायरी १: हातात कागद काय आहे ते बघा

२००६च्या वनहक्क कायद्याच्या कलम ३(१)(झ) खाली गावाला आपल्या सामूहिक वनसंपत्तीचं संरक्षण, पुनर्निर्माण, संवर्धन आणि व्यवस्थापन करण्याचा हक्क मिळतो. धानोरा तालुक्यातल्या मेंढा (लेखा) गावाला २००९ मध्ये सुमारे १,८०० हेक्टरवर हा हक्क मिळाला. देशातल्या अगदी पहिल्या गावांपैकी ते एक. तरीही स्वतःचा बांबू स्वतःच्या वाहतूक परवान्यावर विकायला त्यांना एप्रिल २०११ उजाडला. कागद मिळणं आणि कागद चालणं यात एवढं अंतर असतं.

तुमच्या गावाचं अधिकारपत्र काढून समोर ठेवा. क्षेत्र किती, कक्ष (वनविभागाने पाडलेले जंगलाचे भाग) क्रमांक कोणते, सोबत नकाशा आहे का, कुठे अटी घातल्या आहेत का, ते वाचा. मग सीमा पायी चाला, शेजारच्या गावाची माणसं बरोबर घेऊन. आम्ही एका गावात हे केलं तेव्हा अडीच दिवस लागले. एका नाल्याच्या दोन्ही काठांवर दोन गावांनी हक्क सांगितला होता आणि नकाशातला नाला त्या दोघांपेक्षा वेगळ्याच ठिकाणी होता. तो वाद तिथेच, मोहाच्या झाडाखाली बसून मिटला. करार झाल्यावर निघाला असता तर तपासणीला आलेल्या माणसाने तेवढं क्षेत्रच वगळलं असतं आणि दोन गावांत कायमची तेढ पडली असती.

दोन कायदेशीर गोष्टी पाठ करून ठेवा. वनहक्क वारशाने पुढे जातो, पण विकता किंवा हस्तांतरित करता येत नाही. कलम ४(४) तसं स्पष्ट सांगतं. आणि या कायद्यात कार्बन हा शब्दच नाही. त्यामुळे 'ग्रामसभा आपले सर्व कार्बन हक्क कंपनीस कायमचे हस्तांतरित करीत आहे' असं वाक्य मसुद्यात दिसलं की तिथेच थांबा आणि वनहक्क कायदा जाणणाऱ्या वकिलाला दाखवा. जंगल राखण्याच्या कामाचा मोबदला घेणं आणि हक्क देऊन टाकणं या दोन फार वेगळ्या गोष्टी आहेत.

अधिकारपत्र अजून मिळालेलं नसेल तर कार्बनचा विषय बाजूला ठेवून आधी दावा दाखल करा.

पायरी २: पहिली भागीदारी गावातल्या गावात

मेंढा (लेखा) गावात एक पद्धत आहे, ती इथे जशीच्या तशी उचलण्यासारखी आहे. तिथे निर्णय घेणारी ग्रामसभा वेगळी आणि विषय समजून घेणारा अभ्यासगट वेगळा. अभ्यासगटात बाहेरच्या जाणकारालाही बोलावतात, प्रश्न विचारतात, पुन्हा बसतात. निर्णय मात्र ग्रामसभा घेते, तोही सर्वसहमतीने. 'दिल्ली-मुंबईत आमचं सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार' ही त्यांची घोषणा अनेकांना माहीत असते, पण त्या घोषणेला वजन आलं ते अशा वर्षानुवर्षांच्या बैठकांमुळे.

कार्बनसाठी असा अभ्यासगट बनवा. त्यात दहा-बारा माणसं पुरेत, निम्म्या बाया. त्यांनी एकच प्रश्न धरून गावभर फिरायचं: जंगल जास्त राखलं तर कुणाच्या चुलीवर परिणाम होईल? उत्तर बहुतेक वेळा सभेत गप्प बसणाऱ्या माणसांकडून येतं. मोळी विकून घर चालवणारी बाई, दुसऱ्यांची गुरं चारणारा माणूस, गावात उशिरा येऊन वसलेली चार घरं. यांना पर्याय न देता तुम्ही चराई बंद किंवा तोड बंद ठरवलीत, तर ते शेजारच्या जंगलात जातील. कार्बनच्या भाषेत याला 'गळती' म्हणतात आणि ती हिशेबातून वजा होते. गावाच्या भाषेत हा अन्याय असतो, आणि माझ्या लेखी वजाबाकीपेक्षा तो मोठा.

सभा टोल्याटोल्यांत, म्हणजे वस्तीवस्तीत घ्या, गोंडी किंवा कोरकू बोलली जाते तिथे त्याच भाषेत घ्या. वनहक्क नियमांप्रमाणे ग्रामसभेला किमान निम्मी हजेरी लागते आणि हजर असलेल्यांत किमान एक तृतीयांश स्त्रिया. सह्या घरोघर फिरवून गोळा करू नका. प्रोसिडिंग बुकात कुणी काय विचारलं आणि काय उत्तर मिळालं तेही लिहा, फक्त ठराव नको.

पायरी ३: जंगल स्वतः मोजा

हे काम कंपनीवर सोडू नका. मोजणी येते त्याला फसवणं अवघड.

साहित्य साधं आहे: मोजपट्टी, दोर, रंग, वही, आणि जीपीएस असलेला मोबाईल. जंगलाचे प्रकार पाडा: दाट, विरळ, उजाड, बांबूचं. प्रत्येक प्रकारात चिठ्ठ्या टाकून जागा निवडा, रस्त्याकडेची सोयीची किंवा चांगली दिसणारी नाही. ०.१ हेक्टरचा चौकोन आखायचा तर बाजू साधारण ३१.६ मीटर येते. आतल्या प्रत्येक मोठ्या झाडाचा घेर छातीच्या उंचीवर, म्हणजे जमिनीपासून १.३७ मीटरवर मोजा आणि जात लिहा. येन, धावडा, बिजा, तेंदू, मोह ओळखायला गावातली म्हातारी माणसं कुठल्याही पुस्तकापेक्षा उजवी. कोपऱ्यांवर खुणा करून ठेवा, कारण पाच वर्षांनी हेच चौकोन पुन्हा मोजायचे आहेत.

घेरावरून झाडाचं वजन काढायची सूत्रं वनशास्त्रात तयार आहेत. कोरड्या लाकडाच्या वजनात साधारण ४७ टक्के कार्बन धरतात, आणि कार्बनला ३.६७ ने गुणलं की कार्बन डायऑक्साइड येतो. आता एक काल्पनिक हिशेब मांडू, कारण अपेक्षा किती ठेवायची ते त्यावरून कळतं.

समजा तुमच्याकडे ५०० हेक्टर झिजलेलं जंगल आहे आणि राखल्यावर ते दर हेक्टरी वर्षाला २ टन कोरडं लाकूड वाढवतं. २ गुणिले ०.४७ म्हणजे ०.९४ टन कार्बन, म्हणजे ३.४५ टन कार्बन डायऑक्साइड. पण तुम्ही काहीच केलं नसतं तरी यातला एक टन वाढलाच असता असं धरू. तो वजा, कारण क्रेडिट मिळतं ते फक्त तुमच्या कामाने झालेल्या वाढीचं. 'बेसलाइन' आणि 'अतिरिक्तता' या जड शब्दांचा अर्थ एवढाच. उरले २.४५. गळतीपोटी दहा टक्के वजा, उरले २.२. उद्या वणवा लागला तर भरपाई म्हणून राखीव साठ्यात २० टक्के ठेवायचे, उरले १.७६. गुणिले ५०० हेक्टर, म्हणजे वर्षाला ८८० क्रेडिट. एका क्रेडिटला ८०० रुपये धरले तर ७ लाख ४ हजार. गावात २०० घरं असतील तर घरटी साडेतीन हजार. तेही प्रकल्पाची नोंदणी, तपासणी आणि मध्यस्थाचा वाटा वजा करण्याआधी.

यातले आकडे बदला, तुमच्या मोजणीचे घाला. पण हिशेब फळ्यावर, सगळ्यांसमोर करा. तेंदू किंवा बांबूतून गावाला काय मिळतं ते शेजारी लिहा. मग लोकांना आपोआप दिसतं की कार्बनचा पैसा हा जोडीचा पैसा आहे, त्याच्या भरवशावर मोहफूल-बांबू सोडायचा नसतो.

याच हिशेबातून आणखी एक गोष्ट निघते आणि ती सांगताना मला नेहमी वाईट वाटतं. ज्या गावाने तीस वर्षं जीव लावून जंगल राखलं, तिथे 'भर' कमी पडते, म्हणून क्रेडिट कमी. उजाड माळ हिरवा करणाऱ्या गावाला जास्त. अचलपूर तालुक्यातल्या पायविहीरने २०१२ मध्ये हक्क मिळाल्यावर उजाड डोंगर राखून पुन्हा झाडीवर आणला, सीताफळाचा व्यवसाय उभा केला, २०१४ मध्ये राष्ट्रीय पातळीवरचा जैवविविधता पुरस्कार मिळवला. कार्बनचं गणित अशा गावाला अनुकूल असतं. जुनं, राखलेलं जंगल असेल तर दुसऱ्या भागीदाऱ्या शोधा. सह्याद्रीत पुण्याच्या एका पर्यावरण संशोधन संस्थेने बेहड्याच्या फळांना 'फेअरवाइल्ड' (जंगलाला धक्का न लावता गोळा केलेल्या मालाचं) प्रमाणपत्र मिळवून दिलं आणि ब्रिटनच्या हर्बल चहा बनवणाऱ्या कंपनीला ती फळं विकण्याची साखळी उभी केली. बेहड्याच्या जुन्या झाडांच्या ढोलीत धनेश घरटी करतात, त्यामुळे फळाला भाव आल्यावर झाडही वाचलं आणि पक्षीही. तिथे कार्बन मोजायची गरजच पडली नाही.

पायरी ४: शेजारच्या गावांना सोबत घ्या

वरच्या हिशेबात सात लाख निघाले. प्रकल्पाचा आराखडा, नोंदणी आणि स्वतंत्र संस्थेकडून तपासणी यांचा खर्च लाखांत जातो, मग प्रकल्प ५०० हेक्टरचा असो की ५०,००० हेक्टरचा. एकटं गाव त्यात बुडतं. म्हणून गावांनी एकत्र यायचं. कोरची तालुक्यात ग्रामसभांनी महाग्रामसभा बांधून तेंदू-बांबूच्या व्यवहारात आपली ताकद दाखवली आहे. तीच बांधणी इथेही उपयोगी पडते.

मेघालयातलं उदाहरण तर थेट कार्बनचं आहे. शिलाँगजवळ मॉफलांग भागात खासी समाजाच्या दहा पारंपरिक राज्यांनी, त्यांना 'हिमा' म्हणतात, मिळून एक महासंघ केला. साठहून अधिक गावं, सुमारे २७,००० हेक्टर. उमियम नदीच्या पाणलोटातली जंगलं वणवे, जळण आणि कोळशाच्या भट्ट्यांनी झिजत होती. प्रकल्प याच महासंघाच्या नावावर 'प्लॅन विवो' या मानकाखाली, म्हणजे क्रेडिट देण्याच्या नियमावलीखाली, नोंदला गेला आणि २०१०च्या दशकाच्या सुरुवातीपासून चालला. काम काय केलं? जाळरेषा (आग पसरू नये म्हणून मोकळे केलेले पट्टे) काढल्या, वणव्यावर पाळत ठेवली, झिजलेल्या तुकड्यांत गुरं बंद करून रोपं आपोआप वर येऊ दिली, घरांत कमी लाकूड खाणाऱ्या चुली दिल्या, बायांचे बचत गट बांधले. बाहेरच्या तज्ज्ञ संस्थेने आराखडा आणि मोजणीत मदत केली, पण मालकाच्या खुर्चीत महासंघच राहिला. आपल्याकडे हे शिकण्याजोगं आहे.

एक सूचना: महासंघात प्रत्येक ग्रामसभेचा वेगळा हिशेब ठेवा. एका गावाचं जंगल जळलं तर दुसऱ्याचा वाटा किती कापायचा, हे आधीच लिहून ठेवलं नाही तर पहिल्याच वणव्यात एकी मोडते.

पायरी ५: वनविभाग

काही कार्यकर्त्यांना ही पायरी नको वाटते. जुने अनुभव कडू आहेत, मी ते नाकारत नाही. पण जमीन शासनाची आहे आणि वणवा विझवायला आलेला वनरक्षक तुमच्याच बाजूने उभा असतो. ग्रामसभेचा व्यवस्थापन आराखडा लेखी स्वरूपात उपवनसंरक्षकांकडे द्या, पोच घ्या, आणि कार्बनबाबत त्यांची भूमिका लेखी विचारा. नंतर 'आम्हाला विचारलंच नाही' हे वाक्य ऐकायला लागू नये. जिल्हाधिकाऱ्यांना आणि आदिवासी विकास प्रकल्प कार्यालयाला प्रत पाठवा.

वणव्याबाबत भागीदारी सर्वांत लवकर जमते. भारतीय वन सर्वेक्षणाकडून उपग्रहाने टिपलेल्या आगीची सूचना मोबाईलवर मिळते. गावातल्या चार मुलांचे नंबर तिथे नोंदवा. बऱ्याच आगी मोहफुलं वेचायला झाडाखालचा पाला जाळताना सुटतात. झाडाखाली जाळी अंथरली तर पाला जाळावा लागत नाही आणि फूलही स्वच्छ मिळतं. चंद्रपूरच्या पाचगावने तर तेंदूपत्ता तोडणंच थांबवलं, कारण त्यासाठी होणारी छाटणी आणि आग जंगलाला मारक आहे असं गावाला वाटलं. प्रत्येक गावाला ते परवडणार नाही, पण असा निर्णय घेणारं गाव आहे हे ठाऊक असावं.

पायरी ६: आता बाहेरचा भागीदार

या टप्प्यावर चार वेगवेगळे लोक भेटतात आणि नवखा माणूस त्यांना एकच समजतो. प्रकल्प उभा करणारा विकासक पैसे आणि तांत्रिक माणसं आणतो. मानक ठरवणारी संस्था, म्हणजे व्हेरा, गोल्ड स्टँडर्ड, प्लॅन विवो यांसारखी, नियम करते आणि क्रेडिट देते. तपासणारी संस्था स्वतंत्र असते. आणि शेवटी खरेदीदार. 'आम्हीच सगळं करतो' असं कुणी सांगितलं तर तपासणी कोण करणार, हे आधी विचारा.

खरेदीदार आता चोखंदळ झाले आहेत. जानेवारी २०२३ मध्ये युरोपातल्या वृत्तपत्रांनी वर्षावनांच्या क्रेडिटवर शोधवार्ता छापल्या: जी जंगलतोड होणारच नव्हती ती 'टाळली' असं दाखवून क्रेडिट विकले गेले, असा आरोप होता. व्हेराने तो मान्य केला नाही, पण बाजार हादरला. याचा आपल्याला अर्थ असा की फुगवलेली बेसलाइन दाखवून पटकन पैसे मिळवून देतो म्हणणारा भागीदार नको. उद्या ते क्रेडिट कुणी घेणार नाही आणि बदनामी गावाची होईल.

भारत सरकारने २०२३ मध्ये कार्बन क्रेडिट व्यापार योजना अधिसूचित केली. त्याच वर्षी ग्रीन क्रेडिट कार्यक्रमही आला. नावं सारखी वाटली तरी दोन्ही वेगळ्या योजना आहेत, नियम वेगळे, हेतू वेगळे. समोरचा माणूस कोणत्या क्रेडिटबद्दल बोलतोय ते पहिल्या पाच मिनिटांत स्पष्ट करून घ्या.

विकासकाला त्याने आधी केलेल्या प्रकल्पाचं गाव विचारा आणि अभ्यासगटातल्या चौघांना तिथे पाठवा. प्रवासखर्च ग्रामसभेने करावा, विकासकाने नाही. तिथल्या पदाधिकाऱ्यांना भेटाच, पण पाणवठ्यावरच्या बायांना विचारा: पैसे आले का, किती, कधी?

पायरी ७: करार

इथे घाई करणाऱ्याला घरी पाठवा. करार मराठीत हवा, आणि वाद झाल्यास मराठी प्रतच ग्राह्य, असं त्यात लिहिलेलं हवं. मग एकेक कलम सभेत मोठ्याने वाचा.

वाटा कशातला, हे सगळ्यात आधी बघा. '६० टक्के गावाला' हे ऐकायला छान वाटतं, पण ते एकूण विक्रीतले की खर्च वजा जाता उरलेल्यातले? खर्चाचा आकडा विकासकच ठरवणार असेल तर उरलेलं शून्यही असू शकतं. एकूण विक्रीतला वाटा मागा, आणि प्रत्येक विक्रीची पावती ग्रामसभेला मिळेल हे लिहून घ्या. किमान दर ठरवा. आगाऊ रक्कम देत असतील तर ती कर्ज आहे की मोबदला, ते विचारा. एका मसुद्यात ती व्याजासह परतफेडीची निघाली; शेवटच्या पानावर, बारीक अक्षरात.

मुदत २०, ३०, ४० वर्षं असते. आज सही करणाऱ्याचा नातू त्या कराराने बांधला जातो. दर पाच वर्षांनी आढावा आणि बाहेर पडायची वाट ठेवा. कंपनी दुसऱ्या कंपनीला करार विकू शकेल का? ग्रामसभेच्या परवानगीशिवाय नाही, असं लिहा. मोहफूल, बांबू, चराई, जळण, देवस्थान, निस्ताराचे (घरच्या गरजेपुरतं जंगलातून घेण्याचे) सगळे हक्क अबाधित राहतील, हे नुसत्या प्रस्तावनेत न ठेवता स्वतंत्र कलमात घाला. मोजणीची माहिती आणि नकाशे ग्रामसभेचे. गुप्ततेचं कलम काढून टाका. ग्रामसभेचा कारभार गुप्त असूच शकत नाही.

आणि जंगल गावाच्या चुकीशिवाय गेलं तर? ब्राझीलच्या अ‍ॅमेझॉनमधल्या सुरुई आदिवासींनी स्वतःचा कार्बन प्रकल्प उभारला, २०१३ मध्ये मोठ्या कंपनीला क्रेडिट विकले. पुढे त्यांच्या जमिनीत हिरे आणि सोनं काढणारे अवैध खाणवाले घुसले, तोड वाढली आणि २०१८ मध्ये प्रकल्प थांबवावा लागला. गडचिरोलीत खाणी काय करू शकतात ते वेगळं सांगायला नको. खाण, रस्ता, धरण किंवा बाहेरच्यांनी लावलेली आग यामुळे झालेल्या नुकसानीची जबाबदारी ग्रामसभेवर येणार नाही, हे कलम नसेल तर सही करू नका.

पायरी ८: पैसा आणि पहिलं वर्ष

ग्रामसभेच्या नावावर पॅन आणि स्वतंत्र बँक खातं, सहीला किमान एक स्त्री, दरवर्षी लेखापरीक्षण, आणि जमाखर्च भिंतीवर रंगवलेला. तेंदूचा व्यवहार करणाऱ्या ग्रामसभांना हे नवं नाही. वाटप ठरवताना राखण करणाऱ्यांची मजुरी आधी काढा, मग मोळी-चराई सोडणाऱ्या घरांची भरपाई, मग गावाचा निधी. पहिली रक्कम यायला दोन-तीन वर्षं सहज जातात; तोवर राखणीचा खर्च रोजगार हमी किंवा बांबूच्या उत्पन्नातून कसा निघेल ते आधी ठरवून ठेवा.

कामाचं वेळापत्रक गावाच्या हंगामाप्रमाणे लावा. धान घरात आल्यावर, दिवाळीनंतर, अभ्यासगटाच्या बैठका आणि सीमा चालणं. डिसेंबर-जानेवारीत चौकोनांची मोजणी. तेव्हा गवत बसलेलं असतं, पाला पूर्ण झडलेला नसतो, झाडं ओळखू येतात. फेब्रुवारीत जाळरेषा. मार्चपासून मोहाखाली जाळ्या आणि आगीची गस्त. मे महिन्यात तेंदूचा हंगाम, तेव्हा कुणालाही सभेला बोलावू नका. रोवणीतही नाही. कराराचा मसुदा त्या वर्षी आला तरी वाचन पुढच्या दिवाळीनंतर ठेवा. खरा भागीदार तोवर थांबतो.